पार्कातला पहिला ग्लास

पाण्याने काय लागतंय, असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्या आगीच्या बंबासमोर उभं राहावं. जुलैच्या जत्रेत आमच्या होल्म क्रीक गावच्या पार्कात पाण्याची लढाई होते. दोन खांबांमध्ये उंच तार ओढायची, तारेवर कप्पी आणि कप्पीला बिअरचं रिकामं पिंप. एका टोकाला आमचा बंब, दुसऱ्या टोकाला शेजारच्या डॉयल गावचा. दोन्हीकडचे गडी पाइप धरून झोत मारतात आणि पिंप समोरच्यांच्या खांबावर नेऊन आदळायला बघतात. झोत चुकून तोंडावर बसला की दात हलतात. एका वर्षी डॉयलच्या एकाची पापणी फाटली, आणि गडी डोळा मिटून शेवटपर्यंत लढला. अजून लोक त्याला फुकट जेवू घालतात. आमच्याकडे असल्याच गोष्टींचं कौतुक.

मी आर्डिस त्वेट. बंबावरचे आम्ही सगळे गावकरीच, पगार कुणालाच नाही. माझा नवरा मर्ल कप्तान, पाइपाच्या तोंडाशी, नोझलवर, तो. मी पंपावर. बंबाच्या कुशीत दांडे आणि दाब दाखवणारे काटे असतात, पाण्याला किती दाब द्यायचा ते माझ्या हातात. मर्ल म्हणायचा, "मी फक्त नेम धरतो, जोर आर्डिसचा." चार लोकांत फार गोड बोलायचा तो.

चार भिंतींत तो काय करायचा, ते गावाला माहीत होतं आणि नव्हतं. प्यायला की मर्ल वेगळाच व्हायचा. माझं खांद्याचं हाड मोडलं ते जिन्यावरून पडून नव्हे. स्वयंपाकघराच्या दाराला तळाशी जी फळी ठोकली आहे, तिच्यामागे त्याच्या बुटाएवढं भोक आहे. शेवटी त्याने कुत्र्याला इतकं मारलं की कुत्रं घर सोडून गेलं ते आलंच नाही, आणि त्यावर मात्र तो रडला. माझ्यासाठी नाही, कुत्र्यासाठी. असो. त्या दिवसापासून त्याने सोडली. बिअरची आठवण आली की लिंबाची आंबट गोळी तोंडात टाकायचा. तीन वर्षं आमच्या घराला लिंबाचा वास होता, आणि त्या वासाने मी निर्धास्त झोपायला लागले होते.

आणि मग आमच्या मेयरला अक्कल सुचली. मेयर म्हणजे व्हर्जिल, मर्लचा सख्खा थोरला भाऊ. पार्कातल्या पोहण्याच्या तलावाला तडा गेलेला, दुरुस्तीला पैसा नाही. तेव्हा पार्कातल्या कार्यक्रमांत गावानेच बिअर विकावी, असा ठराव त्याने मांडला. पार्कात दारू नाही हा आमच्या आजोबांच्या काळचा नियम. तो मोडायचा म्हणून सभेला एवढी गर्दी झाली की शाळेचं जिम उघडावं लागलं.

मला बोलायची सवय नाही, पण उठले. "मेयरसाहेब," म्हटलं, "या गावात प्यायला जागा कमी आहेत का? जिथे बाईमाणूस पोरं घेऊन बिनघोर बसतं अशी एकच जागा उरली आहे. तीही घ्या!"

व्हर्जिल हसला. "आर्डिस, चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? बाटली कुणाला मारत नाही. मारतो तो माणूस."

"मला विचार की," मी म्हटलं. "बाटलीशी माझी चांगली ओळख आहे."

मागून हार्लन ओरडला. पशुखाद्याचं दुकान आहे त्याचं, आणि जिभेला हाड नाही. "अगं, तुझा नवरा तू घरी बांधून ठेव ना! त्याच्यापायी आम्हा सगळ्यांचे घसे कोरडे कशाला?"

लोक हसले. मर्ल उठला, लोखंडी खुर्ची घडी करून हातात घेतली आणि हार्लनच्या तोंडावर मारली. नंतर आणखी एकदा, तो खाली पडल्यावर. जिमच्या फरशीवर रक्त इतकं सांडलं की दुसऱ्या दिवशीचा बास्केटबॉल बंद ठेवावा लागला. चौघांनी मर्लला धरलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला, खरं सांगते, ऊर भरून आला. माझ्यासाठी मारलं त्याने, असं वाटलं. त्याच्या तोंडाला त्या दिवशीही लिंबाचाच वास होता, पण तेवढा विचार करायची मला शुद्ध कुठे होती!

ठराव पास झाला. हार्लनने नाक शिवून घेतलं आणि तक्रार केली नाही. लढाईच्या तोंडावर आमच्या कप्तानाला कोण आत टाकणार?

आता खरी मेख सांगते. लढाई जिंकली की कप्तानाने ते पिंप खाली उतरवून त्यावर उभं राहायचं, आणि मेयरच्या हातचा भरलेला ग्लास एका दमात रिकामा करायचा. तळाशी घोट राहिला तर बाजी गेली, बक्षिसाची ढाल समोरच्यांना. थट्टा नाही ही. मागे एका म्हाताऱ्या कप्तानाला ठसका लागला, ढाल डॉयलला गेली, आणि तो सबंध हिवाळा दोन्ही गावांचे लोक एकमेकांची डोकी फोडत होते. ग्लासात आजवर लिंबाचं सरबत असायचं, कारण पार्कात दुसरं काही चालतच नव्हतं. यंदा व्हर्जिलने जाहीर केलं, गावाच्या बिअरचा पहिला ग्लास जिंकणाऱ्या कप्तानाला. वर्तमानपत्रवाला फोटो काढणार.

जत्रेच्या सकाळी मी व्हर्जिलला तंबूमागे गाठलं. "मर्ल जिंकला तर ग्लासात सरबत घाल. रंग सारखाच दिसतो. कुणाला कळायचं नाही."

"आणि डॉयलवाल्यांनी वास घेतला तर? ढाल जाईल, आर्डिस."

"ढाल गेली तर माझी हाडं मोडत नाहीत, व्हर्जिल. तो प्यायला तर मोडतात. तुझा भाऊ आहे तो, तुला नवीन सांगायला हवं का?"

"एक ग्लास गं! तो काय कुक्कुलं बाळ आहे? उगाच राईचा पर्वत करू नकोस."

मग मर्लकडे गेले. तो पाइपाची जोडणी आवळत होता. म्हटलं, "यंदा नोझल दुसऱ्या कुणाला दे."

"का?"

"तुला माहीत आहे का ते."

त्याने तोंडातली गोळी या गालातून त्या गालात नेली. "मी कप्तान आहे. जिंकू तर दे. पुढचं पुढे."

"पुढचं म्हणजे मार खायची माझी पाळी ना?"

"आर्डिस," तो अगदी हळू म्हणाला, "लोकांसमोर मला खाली बघायला लावू नकोस." मी याला विनंती समजले.

दुपारपर्यंत पार्काचा उकिरडा झाला. बिअरच्या तंबूला भोवती जाळीचं कुंपण आणि एकच फाटक, कारण ग्लास बाहेर न्यायचा नाही असा नियम. एवढ्याशा कोंडवाड्यात दोन गावांची माणसं कोंबली, उन्हात, रिकाम्या पोटी. डॉयलचा एक जण आमच्या एकाच्या बायकोबद्दल काही बोलला. आमच्या माणसाने त्याचं डोकं धरून टेबलाच्या कडेवर आपटलं. मग कोण कुणाला मारतंय ते मारणाऱ्यालाही कळेना. कुंपणाला चिकटलेला एक जण फाटक सोडून जाळीतूनच बाहेर यायला बघत होता, आणि त्याच्या बोटांवर आतून कुणीतरी बूट हाणत होतं. शेरीफच्या माणसांनी तिघांना नेलं. आणि तरी लढाई रद्द करा असं एक माणूस म्हणाला नाही. उलट सगळे रक्ताची तोंडं पुसत तारेखाली येऊन उभे राहिले.

शिट्टी झाली. मी दाब चढवला. दोन्ही झोत पिंपावर असे आदळले की तार किंचाळायला लागली. डॉयलचा कप्तान ड्वेन म्हणजे रेडा, पण त्याचे निम्मे गडी तंबूतून आलेले, पाय ठरत नव्हते. मुद्दामच की कसं, त्यांचा झोत घसरून आमच्या दुसऱ्या गड्याच्या छातीवर बसला आणि तो चिखलात पाठीवर फेकला गेला. मर्ल हलला नाही. त्याने एकट्याने नोझल धरलं. पिंप थरथरत पुढे सरकायला लागलं, हातभर, आणखी हातभर. "जोर!" तो ओरडला. "आर्डिस, जोर दे!"

काय दिसत होता तो! भिजलेला, दात आवळलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. मी त्याच्यावर भाळले होते ते असंच त्याला पाइपाशी बघून. पिंप डॉयलच्या खांबापासून जेमतेम माणसाच्या उंचीएवढं राहिलं. तिकडे व्हर्जिल ग्लास भरून उभा, वरचा फेस त्याच्या मनगटावर ओघळत होता. मी ग्लासाकडे बघितलं. जिना आठवला, दाराची फळी आठवली. मी याला वाचवतेय, असंच माझ्या मनात होतं. दांडा धरला आणि खाली ओढला.

आमचा झोत मऊ पडला आणि जमिनीकडे वाकला. पिंप क्षणभर थांबलं, मग डॉयलच्या पाण्याने उलटं सुटलं ते तारेवरून खणखणत येऊन आमच्या खांबावर असं आदळलं की खांब वाकला. डॉयलवाले नाचायला लागले. आमच्या लोकांनी शिव्या घातल्या.

मर्लने हातातल्या नोझलकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. काटा खाली पडलेला लांबूनही दिसतो, आणि दांडा अजून माझ्या मुठीत होता. तो चालत आला. मी हसले, खरंच हसले. वाटलं, जवळ आला की कानात सांगेन, ढाल जाऊ दे रे, आपण सुटलो.

"मर्ल, ऐक..."

पहिला ठोसा गालफडावर बसला, ओल्या कातडी हातमोज्याचा. डोकं मागे जाऊन बंबाच्या काट्यांवर आपटलं, काच फुटली. "लोकांसमोर!" तो म्हणाला. "लोकांसमोर सांगितलं होतं ना तुला!" दुसरा तोंडावर. माझा एक दात जिभेवर सुटा आला. त्याने माझे केस धरून तोंड अगदी स्वतःच्या तोंडापाशी नेलं, आणि तेव्हा मला वास आला.

लिंबाचा. स्वच्छ, आंबट लिंबाचा वास. त्याच्या दातांमध्ये गोळी दिसत होती.

तीन वर्षं मी पहारा करत होते तो भलत्याच दारावर. बाटल्या मोजल्या, त्याचे मित्र तोडले, भर सभेत तोंड उघडलं, एका बायकोने जेवढं करावं तेवढं सगळं केलं. आणि हा माणूस शुद्धीवर होता. बहुधा नेहमीच होता.

बंबाच्या पायरीवर नळ आवळायचा मोठा पाना असतो. तो माझ्या हाताला लागला. मी त्याच्या केस धरलेल्या हातावर मारला. मनगट मोडलं; हाड मोडल्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. मग गुडघ्यावर मारला. मर्ल चिखलात कोसळला, आणि मी पाना पुन्हा उचलला, डोक्यावर घालायलाच उचलला होता, खोटं का बोलू. त्याने डोळे मिटून तोंड फिरवलं. अगदी मी फिरवायचे तसंच. ते बघून माझा हात खाली आला.

नुसता पाण्याचा आवाज. ड्वेन ते चेपलेलं पिंप उतरवून त्यावर चढून उभा होता, पण ग्लासासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला होता. एवढी दोन गावं, एवढे मर्द, आणि माझ्यापर्यंत एक जण धावला नव्हता.

मी पाना घेऊनच व्हर्जिलकडे गेले. लोक बाजूला झाले.

"आर्डिस," तो म्हणाला, "देवाशप्पथ, त्याला कुणी एक थेंब दिला नाही. तो प्यायलेला नाही गं!"

कुणाची तरी बाजू घ्यायलाच म्हणाला तो हे. बिअरची घेत होता की भावाची, त्यालाच ठाऊक.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "तूच म्हणाला होतास ना, मारतो तो माणूस? बरोबर होतं तुझं. आण इकडे."

मी त्याच्या हातून ग्लास घेतला. पहिल्या घोटाने तोंड खळखळून धुतलं आणि रक्त, बिअर, दात, सगळं त्याच्या पांढऱ्या बुटांवर थुंकलं. वर्तमानपत्रवाल्याने कॅमेरा उचलला होता, तो त्याने खाली ठेवला. "काढ की," मी म्हटलं, "पहिला ग्लास आहे." आणि उरलेली बिअर मी तिथेच उभ्याने, त्या सगळ्यांच्या देखत प्यायले. फाटलेल्या ओठांना झोंबत होती, कडू होती, पण मी एका दमात संपवली. ग्लास उलटा करून ड्वेनला दाखवला. तळाशी एक घोटही ठेवला नव्हता.