पाणी न धरणारा डबा

सन एकोणीसशे एक्क्याण्णव, हिवाळ्याचे शेवटचे दिवस. तेव्हा मी उकिरड्यावर पडलो होतो. मी पत्र्याचा डबा. चौकोनी, वरून कापलेला, तारेची कडी लावलेला. मोजकंच बोलेन. अंगावर छापलेले शब्द होते ते घासून गेले, नवे मी शिकलो नाही.

जन्मलो तेव्हा चकचकीत होतो. पोटात तेल होतं. एका खानावळीत ते संपलं, मग माझं झाकण कापून मला पाणी भरायला ठेवलं. ओल्या फरशीवर उभा राहून राहून बूड गंजलं, भोकं पडली. आचाऱ्यानं एक लाथ घातली आणि मी मागच्या ढिगावर. त्याला मी दोष देत नाही. पाणी धरणं हे माझं काम होतं. ते जमेना.

तिथून मला एका मासेमारानं उचललं. उन्हाकडे धरून माझ्या बुडातून आभाळ पाहिलं आणि म्हणाला, "हा चालेल."

माझी भोकं बघून असं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून ते माझे मालक.

घरी मालकीणबाई दारातच उभ्या.

"अहो, धड भांडी कमी पडली म्हणून हे ध्यान आणलंत?"

"भोकं आहेत म्हणूनच आणलाय."

"वा! उद्या बिनपायांची खाट आणा."

गोष्ट अशी होती. तळ्यातला मूळचा मासा रुपेरी. त्यावर मालकांचं घर चाले. मग कुणीतरी काचेच्या पेटीत पाळलेले परके मासे कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडले. ते फोफावले. रुपेरीची अंडी खायचे, पिल्लं खायचे. आले ते ठाण मांडूनच बसले, म्हणून लोकांनी त्यांना नाव ठेवलं घरजावई.

मग तळ्यावर अधिकारी आले आणि नियम आला. रुपेरी वितीपेक्षा लहान असेल तर परत सोडा. घरजावई केवढाही असो, एकदा गळाला लागला की परत पाण्यात टाकायचा नाही. जिवंत तर कुठेच न्यायचा नाही. जागीच संपवायचा. नियम मोडला तर परवान्याचा पितळी बिल्ला काढून घेणार. मालकांना दुसरं काम येत नव्हतं. बिल्ला गेला की चूल गेली.

मालक नियमाचे पक्के. म्हणायचे, "पाणी धरणारं भांडं जवळ असलं की माणसाचं मन पाघळतं. याच्यात ती सोयच नाही."

मी असा त्यांच्या कामाला आलो. बुडाला भोकं असून कामाला आलो.

घरजावई लागला की डोक्यात एक टोला, मग माझ्या पोटात. मारताना मालकांच्या चेहऱ्यावर काही नसे. आनंद तर नाहीच. काम संपलं की मला तळ्यात बुचकळून मासे धुवायचे आणि घरी निघायचे. घर चढावर, वरच्या लहान तळ्याच्या पलीकडे. तिथे मालकीणबाई ते मासे भोपळ्याच्या आळ्यात पुरायच्या. "चला, जावई एकदाचे कामाला लागले," म्हणायच्या. भोपळे डोक्याएवढे धरत. मला मात्र कधी चांगलं बोलल्या नाहीत. घरात घेत नसत. दाराबाहेर उभा करत. तरी रोज आठवणीनं उपडा घालून वाळवत. त्यामुळेच मी इतका टिकलो. ते मी विसरलेलो नाही.

सुट्टीच्या दिवशी शिंपी गळ घेऊन मालकांशेजारी बसायचा. मऊ माणूस. घरजावई लागला की तो गळ तसाच धरून बसायचा.

"काका, डोळे बघा हो याचे. कसा मारू?"

"मारू नका. मला द्या."

"तुम्ही मारणारच की!"

"मग काय मांडीवर घेऊन जोजवू?"

शिंपी हसायचा नाही. मासा द्यायचा आणि दुसरीकडे बघायचा.

पुढे एका उन्हाळ्यात वरच्या तळ्यात घरजावई दिसला, पिल्लांसकट. चढावर पोहत जाता येत नाही. कुणीतरी नेला होता. लोकांनी पायवाटेकडे बोट दाखवलं. तिच्यावर रोज पाण्याची ओळ पडलेली असायची, खालच्या तळ्यापासून थेट वरच्या तळ्याच्या काठानं. ती ओळ माझी. मासे धुतले की मी वाटभर ठिबकत जायचो.

अधिकारी साहेब खालच्या तळ्याच्या काठावर आले. माणसं जमली.

"रोज पाण्याचा डबा घेऊन वर कोण जातं?"

"डबा घेऊन मी जातो," मालक म्हणाले. "पाणी नेत नाही."

"मग वाटेवर काय सांडतं?"

खरं एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा सांगायला लागलं तर मान जातो, असा मालकांचा स्वभाव. छातीवरचा बिल्ला त्यांनी काढला आणि साहेबांपुढे धरला. साहेबांनी घेतला.

ज्या भोकांमुळे त्यांनी मला उचललं, त्याच भोकांनी मी त्यांना बुडवलं होतं. मी पाहत राहिलो. डबा दुसरं काय करणार?

तेवढ्यात मालकीणबाई चढ उतरून आल्या. पदर खोचलेला. त्यांनी मला उचललं आणि साहेबांच्या हातात दिलं.

"साहेब, हे ध्यान एकदा भरून दाखवा. भरलं, तर बिल्ला ठेवून घ्या. वर नवराही घेऊन जा."

साहेबांनी मला तळ्यात बुडवून वर काढलं. पाणी भळाभळा त्यांच्या बुटांवर. पुन्हा बुडवलं. पुन्हा बूट.

"आजच पाडली असतील भोकं," मागून कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी मला उलटा करून भोकांच्या कडांवरून बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. जुना, मुरलेला गंज. जन्मभर मला त्याची लाज वाटत आली होती. त्या दिवशी वाटली नाही.

"यातून मासा पहिल्या वळणापर्यंतही जिवंत जायचा नाही," साहेब म्हणाले.

मग गर्दीतून शिंपी पुढे आला. डोळे भरलेले.

"साहेब, काका नसताना मी नेले. बरणीतून. या तळ्यात परत सोडायचे नाहीत, एवढंच डोक्यात होतं. वाटलं, वर त्यांचं वेगळं घर होईल."

"घरजावयाला वेगळं घर!" मालकीणबाई म्हणाल्या. "मग तो घरजावई कसला?"

माणसं हसली. शिंप्याची मान आणखी खाली गेली. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या जाळं घेऊन वर या. मिळून काढू सगळे. मारायचं माझ्याकडे."

साहेबांनी बिल्ला माझ्या पोटात टाकला आणि मला मालकांच्या हातात दिलं. बिल्ला बुडाशी खणकन वाजला. भोकं त्याच्याहून लहान होती. तो माझ्यात राहिला.

मालकांनी मला उकिरड्यावरून उचललं होतं. ते फिटलं.