दिव्याला लावलेलं कुंकू

पावसाळ्यात कुसगावच्या त्या घरात आधी सत्यमला कावीळ झाली, मग त्याच्या चुलत्यांना. डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवलं आणि पाणी उकळायचं काम सत्यमच्या बायकोच्या, सारिकाच्या गळ्यात पडलं. सत्यम बरा होऊन खाटेवर मोबाईल बघत लोळायला लागला, तरी काम तिच्याचकडे. आता कुणी बोलायचं? त्यात नणंद अमृता बाळंतपणाला आलेली, आठवा लागलेला. तिला कावीळ झाली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सारिकाचे हात भरून यायचे, पण उकळल्याशिवाय घोटभर पाणी ती अमृताला देत नव्हती.

शेवटी यूव्हीचं मशीन आलं. स्टीलच्या नळकांड्यातून पाणी जाणार, आत काचेच्या नळीत दिवा, त्याच्या उजेडानं जंतू मरणार. मशीन बसवायला वडगावहून सुहास आला होता. मशीनच्या पुढचे नळ त्यानं सकाळीच क्लोरीननं धुवून घेतले होते.

"आधी पाणी भरायचं, हवा काढायची, झाकण घट्ट लावायचं, मगच बटण," तो म्हणाला. "आणि पेटलेल्या दिव्याकडे बघायचं नाही. डोळ्यांना इजा होते."

"बघायचा न्हाई असला कसला दिवा?" सासू शालूबाई म्हणाल्या. "मग हात कुणाला जोडायचं?"

सुहासनं हातमोजे घालून नळी स्पिरिटनं पुसली आणि बाटली उपडी करून संपल्याची खात्री केली. "आता हिला बोटसुद्धा लावू नका. डाग पडला की उजेड अडतो आणि पाणी तसंच पुढं जातं," एवढं सांगून तो विहिरीवर पंप बघायला गेला.

सारिका चहा घेऊन बाहेर आली, तर नळीवर हळदीकुंकू. ट्रॅक्टर असो, मिक्सर असो, शालूबाईंनी कुंकू लावल्याशिवाय या घरात काही सुरू झालेलं नाही. आता त्या आत निरांजन शोधत होत्या.

सारिकानं चहा खाली ठेवला. सांगावं, तर स्पिरिट संपलेलं. सुहास उद्या येतो म्हणणार, आणि या लोकांचं उद्या कधी उजाडतं? तिनं पदरानं नळी पुसून टाकली. लाल डाग गेला. तेलकट काही राहिलंय का, हे तिनं बघितलंच नाही.

सुहासनं नळी बसवली, पाणी भरलं, हवा काढली, झाकण आवळलं आणि बटण दाबलं. मशीनवरचा हिरवा दिवा लागला. थोडा वेळ नळ सोडून ठेवल्यावर तो म्हणाला, "आता बिनधास्त प्या."

शालूबाईंनी पेला भरून अमृतापुढं धरला. "घे गं, पयलं तुज्या बाळाला."

अमृतानं पेला तोंडाला लावला, तोच सारिकानं तो हिसकावला. निम्मं पाणी अमृताच्या अंगावर सांडलं.

"नको पिऊ. नळीला हात लागलाय. मी पदरानं पुसली ती."

सुहास तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. त्यानं वीज बंद केली, स्पिरिट घेऊन उद्या येतो म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

"कुंकू म्या लावलं," शालूबाई म्हणाल्या. "पर तू तवाच का न्हाई बोललीस?"

सारिकाला भांडता आलं असतं. पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"दमले ओ आत्या," ती म्हणाली. "लय दमले. वाटलं, एकदाचं सुटावं यातनं." आणि ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

शालूबाईंनी पातेलं नळाखाली ठेवलं आणि खाटेकडं तोंड वळवलं.

"सत्या, ऊठ. पानी उकळाया ठेव."