तळ्याकाठची परदेशी पाहुणी

देशाची शान वाढावी म्हणून तळ्याकाठी आलिशान रिसॉर्ट उभं राहिलं. त्यासाठी काठावरची वस्ती उचलून टेकडीमागे नेऊन टाकली. तिथून तळंही दिसेना आणि नळाला पाणीही येईना. त्याच वस्तीतल्या प्लंबरने रिसॉर्टच्या एकशेवीस बाथरूममधले नळ बसवले.

उद्घाटनाच्या दिवशी परदेशी पाहुणे आलेच नाहीत. त्यांना ऐन वेळी दुसऱ्याच देशातलं तळं आवडलं होतं. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. "तासाभरात मंत्रीसाहेब येतायत! फोटोला माणसं कुठून आणू?"

तेवढ्यात नवऱ्याचा डबा घेऊन आलेली प्लंबरची बायको त्याला दिसली. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची.

"बाई, तासभर परदेशी व्हाल का?"

"काय करावं लागेल?"

"काहीच नाही. नुसतं बसायचं."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. ती लगेच तयार झाली.

पांढरा झगा, काळा चष्मा, आरामखुर्ची. समोर तळं. तीन वर्षांनी ती ते बघत होती. तिने अंदाज घेतला. तिची चूल बहुतेक स्विमिंग पूलच्या खोल बाजूला होती.

मंत्री आले आणि बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडले, "हाऊ यू लाइक अवर कंट्री?"

मॅनेजरने मागून ओठांवर बोट ठेवलं. पण तिला राहवलं नाही. "देश चांगलाय हो. आमच्या नळाला तेवढं पाणी नाही."

मॅनेजरने डोळे मिटले. मंत्री मात्र हरखले. "बघा! दोन दिवसांत आपली भाषा शिकल्या! आणि पाणी नाही म्हणतायत, बोलवा प्लंबरला!"

प्लंबर धावत आला. बायकोला बघून क्षणभर थबकला, मग पूलकाठचा नळ सोडला. धो धो पाणी. "येतंय की, साहेब."

"इथलं नाही," ती म्हणाली, "टेकडीमागचं."

"टेकडीमागे काय आहे?" मंत्र्यांनी विचारलं.

"काही नाही, साहेब," मॅनेजर घाईने म्हणाला. "मोकळी जागा."

"मग बाईंना ती जागा आवडलेली दिसते. तिथेही रिसॉर्ट बांधा! पाण्याचं आधी बघा."

सरकारी काम इतक्या झपाट्याने झालेलं वस्तीने कधी पाहिलं नव्हतं. आठवड्यात पाइप आले, दहाव्या दिवशी नळाला पाणी. बाया नळाभोवती हसत-भांडत होत्या. अकराव्या दिवशी जागा खाली करण्याची नोटीस घेऊन कारकून आला.

"चिकटवा," प्लंबरची बायको म्हणाली, "पण मी न्हाऊन आल्यावर. तीन वर्षांचं न्हाणं राहिलंय."

आणि तिने आतून कडी लावली. खळीचा डबा हातात धरून कारकून दुपारपर्यंत दारात उभा होता. आत पाणी वाहतच होतं.