मुकं बटण

मावशी जन्मापासून अंध. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या एका मोफत प्रोग्रामची नवी आवृत्ती येणार होती. ती आधी वापरून चुका कळवायचं काम जगभरच्या हौशी मंडळींबरोबर त्यांनीही अंगावर घेतलं होतं.

सकाळी ‘जतन करा’ या बटणाचं नाव प्रोग्रामने वाचलंच नाही, ते मुकंच राहिलं. मावशींनी तसं लिहून कळवलं. जेवणं उरकेपर्यंत तीन देशांतल्या लोकांनी चूक पडताळली होती, चौथ्या देशातल्या एकाने दुरुस्तीही पाठवली होती. मावशींनी ती बसवली आणि बटण बोललं, “जतन करा.”

“कोण गं ही माणसं?” शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं.

“ना ओळख, ना पाळख,” मावशी हळूच म्हणाल्या. “माझ्या एका शब्दावर सगळी कामाला लागली बघ.”

मग कितीतरी वेळ त्या ते बटण पुन्हापुन्हा ऐकत राहिल्या.