वाटीवरचं वटवाघूळ

वटवाघळांच्या चाव्यांनी एलिओदोरोची घोडी मेली, तेव्हा त्याने टेकडीवरच्या गुहेत ओलं गवत आणि मिरच्या पेटवल्या. रक्त पिणारी आणि फुलातला मध पिणारी, दोन्ही जातींची वटवाघळं धुरात मेली.

"भावजी, मधवाली कशाला मारलीत?" त्याची विधवा भावजय कासिल्दा म्हणाली. "हिकारोची झाडं त्यांच्यामुळेच फळतात."

"वटवाघूळ ते वटवाघूळ, वहिनी. चावायच्या आधी त्याची जात विचारत बसू?" तो हसला.

हिकारोचं फूल खोडावरच येतं, सांजेला उमलतं आणि सकाळी गळतं. त्या वर्षी नुसतीच फुलं गळली, फळ एकही धरलं नाही. हिकारोच्या टणक फळांच्या वाट्या कोरून जगणारी कासिल्दा लोकांची धुणी धुऊ लागली. नदीवर दिराचे सदरे ती जरा जास्तच जोराने आपटायची.

पुढच्या फुलोऱ्यात तिने कोंबडीचं पीस घेतलं. झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात. म्हणून रोज सांजेला ती कुंपणावरून हात घालून दिराच्या फुलांतले पराग पिसावर घ्यायची आणि आपल्या फुलांना लावायची. त्याच्या फुलांना मात्र काहीच द्यायची नाही.

तिची झाडं लगडली. त्याची तशीच रिकामी राहिली.

मग त्याच्या मुलीचं, मिरेयाचं लग्न ठरलं. मुलीच्या बापाने व्याह्यांना पहिला कोको हिकारोच्या कोरीव वाट्यांतूनच द्यायचा, ही तिथली रीत. काचेचे पेले मांडले असते तर गावभर शोभा झाली असती. एलिओदोरो टोपी हातात घेऊन दारात आला.

"वहिनी, झालं गेलं विसरा. वाट्या द्या."

"पोरीच्या लग्नाला नाही कशी म्हणेन? मीच घेऊन येईन."

ती आली ती पाहुणे मांडवात बसल्यावर. एलिओदोरोने गाठोडं सोडलं. प्रत्येक वाटीवर पंख पसरलेलं एक वटवाघूळ कोरलेलं होतं, लांब जीभ फुलात घातलेलं.

व्याह्याने वाटी फिरवून पाहिली. "तुम्ही धुरात मारलीत ती हीच का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"हीच," कासिल्दा म्हणाली. "भावजी, ओता ना. कोको निवतोय."

मान खाली घालून तो ओतत राहिला, एकेका पाहुण्यासमोर, एकेका वटवाघळावर अंगठा ठेवून. शेवटचा पाहुणा होईपर्यंत कासिल्दा समोर बसून बघत होती. मग तिने आपली वाटी पुढे केली.