नोंद नसलेले रुग्ण

सुनावणीच्या दिवशी दुपारी केया घरी आली आणि पानावर बसायच्या आधीच म्हणाली, "बाबा, तू आज तिथे बोलू नकोस. प्लीज."

डॉक्टर गुरुनाथ देशकर इस्त्रीचा शर्ट हातात धरून उभे होते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून निघून ते वेस्ट व्हर्जिनियातल्या या दरीत आले, तेव्हा ब्रायर फोर्क गावच्या कोळशाच्या खाणी जोरात होत्या. पुढे खाणी बंद पडल्या, तरुण मंडळी कामाच्या शोधात पांगली, बरोबरीचे देशी डॉक्टरही हर्नडनसारख्या शहरांकडे आणि आणखी कुठे कुठे गेले. डॉक्टर मात्र राहिले. गावातला एकुलता एक दवाखाना ते चालवत होते आणि त्याचा खर्च राज्याच्या अनुदानातून निघत होता. ते अनुदान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे आज ठरायचं होतं.

"मी नाही बोलायचं, तर मग कोणी बोलायचं?"

"कोणीही. तू सोडून."

"आधी वरणभात घ्या दोघं," केयाची आई, वीणाताई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "उपाशीपोटी भांडण रंगत नाही."

राज्याचं धोरण आता बदललं होतं. डोंगरात विखुरलेल्या वस्त्यांवर थोडा थोडा पैसा शिंपडत बसण्यापेक्षा हमरस्त्यालगतची मोजकी गावं निवडायची आणि दवाखाना, पाणी, इंटरनेट सगळं तिथेच एकवटायचं, असं ते धोरण होतं. केया त्याच विकास विभागात काम करत होती. दूरच्या ईडन प्रेरी शहरातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून ती इथे परतली होती. आपलं राज्य दरवेळी देशाच्या विकासाच्या यादीत शेवटून पहिलं असतं हे तिला लहानपणापासून खुपत आलं होतं, आणि लेक परत आली याचा डॉक्टरांना केवढा अभिमान होता.

"तुझे व्हिजिट्स किती दिसतात ठाऊक आहे?" ती म्हणाली. "मला वाटलं डेटा चुकलाय. मी परत मागवला. डेटा करेक्ट आहे, बाबा. कागदावर तुझा दवाखाना रिकामा आहे."

"रिकामा? अगं, परवा मला चहा प्यायलासुद्धा उसंत नव्हती."

"परवा आलेल्यांपैकी कोणाकोणाची फाइल उघडलीस?"

डॉक्टर हातातल्या शर्टाची कॉलर सारखी करू लागले. ते पाहून केयाने डोळे मिटून घेतले.

नागपुरात, इतवारीत, डॉक्टरांच्या वडिलांचा दवाखाना होता. ओळखीच्या माणसाकडून फी घ्यायची नाही, हा त्या घरचा रिवाज. हा रिवाज डॉक्टर इकडे येताना बरोबर घेऊन आले, पण तिथे आणि इथे एक फरक होता. इतवारीत ओळखीचे थोडे आणि अनोळखी पुष्कळ असत. या दरीत पहिल्या वर्षी शेजारी ओळखीचे झाले, मग शेजाऱ्यांचे जावई, मग चर्चमधले, मग खाणीतले. करता करता फी घ्यावी असं अख्ख्या दरीत कोणी उरलंच नाही. कंप्यूटरमध्ये फाइल उघडली की बिल आपोआप निघे, म्हणून ते फाइलच उघडत नसत. गावातल्या लॉरेटाचं ब्लडप्रेशर तिच्या ओसरीवर बघायचं. खाणीच्या धुळीने भरलेली तिच्या नवऱ्याची छाती, तो होता तोवर, चर्चच्या अंगणात तपासायची. बदल्यात लोक घेवडा आणि टोमॅटो आणून देत. कधी हरणाचं मांसही येई. ते वीणाताई हसून घेत आणि मागल्या दाराने शेजारी पोचवत.

"अनुदानासाठी रुग्णांची संख्या हा निकष मीच घालायला लावला," केया म्हणाली. तिचं ताट तसंच होतं. "पॉलिटिशियन्सना मनमानी करता येऊ नये म्हणून. आणि खरं सांगू? मला वाटलं, याच्यावर आपलं क्लिनिक आरामात टिकेल. लहानपणी सकाळी दार उघडलं की पायरीवर कोणी ना कोणी बसलेलं असायचंच ना."

"मग झालं तर. आज हेच सांगतो मी."

"काय सांगशील? की वर्षानुवर्षं नोंद न करता प्रिस्क्रिप्शन्स लिहितोय? या राज्यात, बाबा? पेनकिलर्सच्या व्यसनाने इथे घरंच्या घरं संपली. मेडिकल बोर्ड तुला पहिला प्रश्न काय विचारेल?"

"त्या गोळ्या मी कधी लिहिल्या नाहीत. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असणं हा पुरावा नसतो. लायसन्स जाईल तुझं. केससुद्धा होईल."

"दवाखानाच गेला, तर त्या लायसन्सचं काय लोणचं घालू?"

एरवी या बोलण्यावर केया हसली असती. वीणाताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, फोन उचलला आणि त्या मागच्या ओट्यावर गेल्या. बराच वेळ त्यांचं इंग्रजीतलं हळू बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. काय बोलायचं याची जुळवाजुळव त्यांच्या मनात चालली होती.

सुनावणी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल मांडून विभागाचे अधिकारी हेंड्रिक्स बसले होते. गृहस्थ सौम्य होते आणि त्यांना आपल्या कामात आनंद वाटत असेल असं दिसत नव्हतं. वडील आणि मुलगी यांचं नातं जाहीर करून केया या गावापुरती कामातून बाजूला झाली होती, म्हणून ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्च्या भरल्या होत्या. डॉक्टरांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. कोणाचं हृदय कसं चालतं, कोणाची साखर कधी चढते, हे त्यांना चेहऱ्यांसकट पाठ होतं. आज आपण एकटे नाही, या विचाराने त्यांना धीर आला.

आपली पाळी आल्यावर ते उठले आणि काही न लपवता बोलले. तुमच्या आकड्यांत ही माणसं नाहीत, कारण मी त्यांची नोंद केली नाही. दोष माझा आहे, त्यांचा नाही. त्याची शिक्षा मला द्या, पण दवाखाना ठेवा.

हेंड्रिक्सनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते लोकांकडे वळून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तसे, नोंद न होता उपचार मिळालेले कोणी इथे असतील, तर त्यांनी हात वर करावा. मला ते अहवालात घेता येईल."

एकही हात वर झाला नाही.

प्रश्न कळला नसेल, असं आधी डॉक्टरांना वाटलं. ते मागे वळले. पहिल्या रांगेतल्या माणसाने टोपी मांडीवर घेऊन तिची कड चाचपायला सुरुवात केली. कोणी छताकडे बघत होतं, कोणी बुटांकडे. वीणाताई पर्सच्या कडीशी चाळा करत होत्या, आणि त्यांची मान वर होईना. तेव्हा मागच्या ओट्यावरचं ते बोलणं डॉक्टरांच्या ध्यानात आलं.

"लॉरेटा," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटलं होतं त्याहून बारीक निघाला. "तू तरी सांग."

लॉरेटा पुढच्या खुर्चीला धरून उठली. ती हेंड्रिक्सशी बोलली, डॉक्टरांशी नाही. "डॉक माझ्याकडे येतात ते खरं आहे. टोमॅटो न्यायला येतात. गप्पा मारतो आम्ही. औषधबिषधाचं काही नसतं." ती जरा थांबली. "वय झालंय त्यांचं. त्यांच्या मनात सगळं मिसळतं थोडं."

मागे कोणीतरी खोकलं. हेंड्रिक्सनी लॉरेटाचे आभार मानले आणि लिहून घेतलं. उपलब्ध आकडे आणि ग्रामस्थांचं म्हणणं जुळतं, सबब अनुदान संपवण्याची शिफारस करावी लागेल, असं ते म्हणाले. डोंगरापलीकडच्या केंद्रात उपचारांची सोय आहे आणि तिथवर जायला राज्याची बस सुरू करण्याचा विचार चालू आहे, हेही त्यांनी सांगितलं. डॉक्टर खाली बसले. पुन्हा उठून सगळं सांगता आलं असतं, पण मग या माणसांना सरकारी टेबलापुढे खोटं ठरवावं लागलं असतं, आणि ती माणसं कोणासाठी खोटं बोलली होती हे डॉक्टरांना कळत होतं.

लोक उठून बाहेर जाऊ लागले. हस्तांदोलन करायला कोणी आलं नाही. आलं असतं तर ते वाईट दिसलं असतं. लॉरेटा खुर्च्यांच्या पाठी धरत धरत त्यांच्या बाजूने निघाली. दर दोन खुर्च्यांनंतर ती दम घेत होती. तिचे घोटे बुटांच्या वर सुजून आले होते आणि मोज्याची कड मांसात रुतली होती. तिच्या अंगात पुन्हा पाणी साठू लागलं होतं. गोळी वाढवायला हवी होती, आणि ती उद्यापासूनच.

डॉक्टर अर्धवट उठले. हेंड्रिक्स अजून टेबलाशी कागद आवरत होते. लॉरेटाने किंचित मान हलवून नको म्हटलं, आणि परक्या माणसाला म्हणावं तसं मोठ्याने म्हणाली, "गुड नाइट, डॉक्टर देशकर."

"गुड नाइट," डॉक्टर म्हणाले, आणि ती दारातून बाहेर पडेपर्यंत तिच्या पायांकडे पाहत राहिले.