चौदा तासांची पिशवी

"सगळं एकदम काढायचं नाही," सिद्धम्मा दीपिकाला सांगत होत्या. "एका तासाला एकच वस्तू. पिशवी पोराच्या हाती गेली की खेळ संपला समज."

राणीसावरगावातल्या त्यांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर पिशवीतलं सामान एकेक करून मांडलं जात होतं. बटणांचे डोळे शिवलेला जुना पायमोजा. सुतळीचा तुकडा. दोऱ्यात ओवलेल्या रिकाम्या काडेपेट्यांची आगगाडी. होड्या करायला जुन्या कॅलेंडरची पानं. एका अंगाने घासून पांढरे केलेले वीस चिंचोके. दीपिकाचा चार वर्षांचा अमृत पायमोज्यात हात घालून खांबाशी बोलत बसला होता.

दीपिका गावचीच लेक. परभणीला शिकली, पाथरीला दिली आणि आता आठ दिवसांनी पोराला घेऊन एकटीच नवऱ्याकडे कॅनडाला निघाली होती. हैदराबादहून आखातापर्यंत एक विमान, तिथून पुढे सलग चौदा तास दुसरं. हाच रस्ता सिद्धम्मांनी गेल्या वर्षी केला होता. तेहतीस वर्षं गावची अंगणवाडी चालवून त्या निवृत्त झालेल्या. त्यांची मुलगी शिवरंजनी तिकडे दुसऱ्यांदा बाळंत झाली, तेव्हा तिची थोरली गिरिजा सहा महिने आजीजवळ होती. त्या पोरीला पोचवायला सिद्धम्मा एकट्या गेल्या. पोचल्यावर शिवरंजनीनं भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, की आईनं चौदा तासांत लेकीला एकदाही रडू दिलं नाही. ती गोष्ट आठ दिवसांत गावभर झाली. तेव्हापासून कुणाचंही लेकरू लांबच्या प्रवासाला निघालं, की लोक म्हणत, बाईंना विचारून या.

दीपिकाची आई भिवराबाई मात्र ओसरीवर आली नव्हती. ती अंगणातल्या पायरीवर, काढलेल्या चपलांच्या शेजारी बसली होती. सिद्धम्मांनी दोनदा "ये की गं भिवरा वर" म्हटलं. दोन्ही वेळा ती "हितंच बरं हाय, बाई" म्हणाली. सत्तावीस वर्षांत ती या ओसरीवर चढली नव्हती, आणि का चढली नव्हती ते दोघींनाही ठाऊक होतं.

सिद्धम्मा शिकवत राहिल्या. शिकवताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई आणि ऐकणारा पुढे सरके. निघण्याआधी चार दिवस घरातच विमान करायचं, पाट ओळीनं मांडायचे, पोराला पट्टा बांधायचा, 'आता दिवे बारीक होणार, आता कान गच्च होणार' असं सगळं खेळातच सांगून ठेवायचं. लेकरू माहीत असलेल्या गोष्टीला कमी भितं. विमान चढताना-उतरताना पाण्याचा एकेक घोट द्यायचा, नाहीतर गुळाचा खडा चघळायला द्यायचा, म्हणजे कान सुटतात. वाघ जांभई कशी देतो ते करून दाखवायचं. जागा खिडकीची नको, वाटेकडेची घ्यायची, दर दोन तासांनी फिरवून आणता येतं. पायात बूट नकोत, जाड मोजे हवेत.

दीपिका मोबाइलमध्ये उतरवून घेत होती. "आन् चिंचोके? ते तर तीन तास पुरतील."

"पुरतील. पण मोजून दे आणि मोजून घे. नाकात घालतात."

दीपिका हसली. मग तिनं पर्समधून एक बाटली काढून सतरंजीवर, चिंचोक्यांच्या शेजारी ठेवली. सर्दीचं गुलाबी औषध होतं. "बाई, एक इचारू का? तिकडं जाणाऱ्या बाया सांगायल्यात की याचे दोन चमचे दिले की पोरगं निवांत झोपतं. सगळेच देतात म्हणे. डॉक्टर नगं म्हनले, पण ते काय येनारेत का माझ्यासंगं विमानात? देऊ का?"

सिद्धम्मांनी बाटलीकडे पाहिलं आणि मग, मनात नसताना, पायरीकडे. भिवराबाई खाली मान घालून पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी दीपिका रांगत होती. भिवराबाईचा नवरा मेंढरं घेऊन लांब चरायला गेलेला, आणि ती भागवतरावांच्या शेतात कापूस वेचायला जाई. अंगणवाडीत वजनाला आणलेलं तिचं लेकरू सिद्धम्मांच्या हातात ओल्या फडक्यासारखं लोंबलं. डोळे अर्धे मिटलेले. सिद्धम्मांनी भिवराच्या कमरेची चंची उघडायला लावली. तिच्यात सुपारीच्या खांडांबरोबर कागदात बांधलेली अफू निघाली. मोहरीएवढी द्यायची, रोज सकाळी, म्हणजे लेकरू दुपारपर्यंत बांधावर झोपून राहतं.

लेकराचं त्यांनी वेळेवर सगळं केलं. गंगाखेडला दवाखान्यात स्वतः घेऊन गेल्या. तिथंच थांबायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात माता-मेळावा होता, वरचे साहेब येणार होते, आणि सिद्धम्मांचं भाषण होतं. त्यांनी भिवराला साठ बायांसमोर उभं केलं, ती कागदाची पुडी वर धरली आणि विचारलं, "ही आई आहे का कैदाशीण?" बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. त्या दिवसापासून भिवराबाईचं नाव गावात 'अफूवाली' पडलं. पुढे दीपिका अंगणवाडीत यायला लागली, तेव्हा पोरं तिला 'अफूची पोर' म्हणत. सिद्धम्मांच्या ते कानावर येई. पोरांना त्या रागावतही. पण ज्या तोंडानं ते नाव गावाला दिलं होतं, त्या तोंडानं ते कधी परत घेतलं नाही.

"सांगा ना बाई," दीपिका म्हणाली. "तुमी दिलं नव्हतं, म्हनून तर इचारायले. तुमी नगं म्हनलं की न्हाई देनार."

"देऊ नको."

"बरं. पन तुमाला जमलं. मला न्हाई जमलं तर?"

इथं सिद्धम्मांना गप्प राहता आलं असतं. 'जमेल गं' म्हणून पिशवी बांधून द्यायची, एवढंच करायचं होतं. त्यांनी चिंचोके ओंजळीत घेतले आणि परत सतरंजीवर ठेवले. पोरगी बाटली घेऊन जाणार हे त्यांना दिसत होतं. पिशवी संपली की ही बाटलीच उघडणार. त्यांचीही तशीच उघडली होती.

"मला नव्हतं जमलं," त्या म्हणाल्या. "मी दिलं होतं."

पायरीवर पदर गुंडाळणारं बोट थांबलं.

मग त्यांनी सांगितलं. पहिले पाच तास पिशवी चालली. पायमोज्यानं गोष्टी सांगितल्या, आगगाडी पिंगळी-परभणी करत सगळ्या स्टेशनांवर थांबली. मग विमानातल्या पोरींनी खिडक्या बंद केल्या. बाहेर लख्ख ऊन आणि आत रात्र. गिरिजाला ते पटेना. सूर्य आहे तर झोपायचं कशाला, असं ती विचारू लागली. तिचे कान दुखत होते, आई हवी होती. ती रडायला लागली ती थांबेचना. पुढच्या खुर्चीतला माणूस तीनदा वळून बघून गेला. पलीकडची बाई म्हणाली, "अम्मा, बच्ची को सँभालो, सब सो रहे हैं."

"वाईट बोलली नव्हती ती. पण तेहतीस वर्षं माझ्यापुढं चाळीस-चाळीस पोरं गप बसली होती, दीपिका. आणि तिथं दोनशे माणसांत एक पोरगी मला आवरेना. तिचे कान दुखत होते ते मला कळत होतं. तिला मांडीवर घेऊन रडू द्यायचं, वाटेनं फिरवायचं, एवढंच काम होतं. मला तिच्या रडण्याची काळजी नव्हती. माझी लाज वाटत होती मला."

सर्दीसाठी दिलेली बाटली सोबत होती. डॉक्टरांनी अर्धा चमचा सांगितला होता, तोही नाक वाहिलं तर. नाक वाहत नव्हतं. सिद्धम्मांनी दोन चमचे पाजले. पाजताना गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी पदराआड केलं होतं. ते का केलं, हे त्यांनी दीपिकाला सांगितलं नाही.

दीपिका सिद्धम्मांकडे नव्हे, आईकडे बघत होती.

"किती येळ निजली?" भिवराबाईनं पायरीवरून विचारलं.

"आठ तास."

"उटवून बगितलं?"

"हाक मारली. गालाला पाणी लावलं. डोळे उघडायची आणि परत मिटायची. मान सरळ राहत नव्हती. कुणाला बोलावलं नाही मी. काय दिलं म्हणून विचारलं असतं. बोट धरून बसले तिच्या नाकाखाली. विमान उतरायला लागलं तेव्हा जागी झाली. रडायचंसुद्धा त्राण नव्हतं तिच्यात, आणि शिवरंजनी म्हणाली, किती शहाण्यासारखी आणलीस गं आई."

"शिवरंजनीताईला सांगितलं का मग?" दीपिकानं हळू विचारलं.

"नाही. आज सांगेन. तुझ्या तोंडून कळायच्या आधी."

"मी कशाला सांगू, बाई."

"तरी पण."

अंगणात कोंबडी चपलांमध्ये चोच मारत फिरत होती. भिवराबाईनं तिला हाकललं आणि मान वर न करता बोलली, "भागवतरावाच्या बांधाला हीर होती, बाई. बिनकठड्याची. ही रांगायला लागली अन् दोन डाव हिरीच्या तोंडाशी सापडली. झाडाला दोरीनं बांदली, तर दोरी गळ्यात. मंग सासूनं ती पुडी दिली." मग म्हणाली, "कापसाची दर वळ येचून झाली की मी बी यायचे. बोट धरायचे नाकाखाली. तवा कुनी इचारलं न्हाई."

चाळीस पोरांना रोज 'आधी विचारा, मग बोला' शिकवणारी बाई त्या दिवशी विचारायचंच विसरली होती. वय झालेल्या माणसाला उठायला लागतो तेवढा वेळ घेऊन त्या उठल्या, ओसरीच्या कडेला आल्या, आणि पायरीच्या वर उभ्या राहिल्या.

"भिवराबाई," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी तिला भिवराच म्हटलं होतं. "मी त्या दिवशी साठ बायांसमोर तुम्हाला बोलले. आज त्या साठ काही गोळा करता येणार नाहीत. निम्म्या राहिल्यात. पण ज्या आहेत त्यांना मी एकेकीच्या घरी जाऊन सांगेन."

"काय सांगनार?"

"आत्ता सांगितलं तेच. सगळं."

भिवराबाई माफ केलं असंही म्हणाली नाही आणि नाही केलं असंही नाही. मग तिची नजर सिद्धम्मांच्या मागे गेली आणि ती म्हणाली, "पोरगं झोपलं बगा."

अमृत सतरंजीवर आडवा झाला होता. एका हातात पायमोजा, दुसऱ्या मुठीत चिंचोके, तोंड किंचित उघडं. कुणी काही न देता, खेळता खेळता झोपला होता. दीपिकानं औषधाची बाटली उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि ओसरीच्या कोनाड्यात मागे सारून ठेवली. तिच्या पर्समध्ये ती परत गेली नाही.

भिवराबाई उठली. पायरी चढून ओसरीवर आली, नातवाशेजारी टेकली. कुणी बघत आहे की नाही याची पर्वा न करता तिनं तर्जनी त्याच्या नाकाखाली धरली आणि बोटाला श्वास जाणवेपर्यंत तशीच ठेवली. तिची सवयच होती ती. सत्तावीस वर्षांत झोपलेलं एकही लेकरू तिनं तसं पाहिल्याशिवाय सोडलं नसावं.

सिद्धम्मा पलीकडे बसल्या आणि पोराच्या मुठीतले चिंचोके आवाज न करता एकेक सोडवून घेऊ लागल्या. सतरंजीवरचे धरून मोजले तेव्हा एकोणीस भरले. विसावा भिवराबाईनं सतरंजीच्या कडेखालून शोधून त्यांच्या हातावर ठेवला.